अंगठा उठत नाही

"काका, तुमचा अंगठा उठत नाहीये," काचेपलीकडची मुलगी म्हणाली. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत पेन्शनवाल्यांची जत्रा भरलेली, आणि पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत होता. मी अंगठा शर्टाला पुसून पुन्हा ठेवला. लाल दिवा. मग तर्जनी, मग मधलं बोट. उजवा हात संपल्यावर डावा. मागच्या गृहस्थांनी अनुभवाचे बोल ऐकवले, "डोक्यावरून फिरवा, केसांचं तेल लागलं की उठतो." मी वळून त्यांना माझं डोकं दाखवलं, तेव्हा ते जरा ओशाळले. मुलीनं नोटा मोजायच्या ओल्या स्पंजाची डबी पुढे सरकवली. आधी स्पंज, मग रुमाल, मग ती छोटीशी काच. लाल. शेवटी स्क्रीनवरची नजर न काढता, शेजारच्या बाईंना सांगावं तशी ती म्हणाली, "काका नाहीत असं दाखवतंय."

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. "पुढच्या मंगळवारी या, आमच्या सरांच्या मोबाइलवर चेहऱ्यानं होतं," म्हणत तिनं पासबुक परत केलं.

घरी येऊन हिला सांगितलं. "जन्मभर भांडी मी घासली, आणि माझा पहिल्या फटक्यात उठला," ही म्हणाली आणि कुकरकडे वळली. वयानं बोटांवरच्या रेषा पुसट होतात, कातडी कोरडी पडते, हे मला कळतं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तरी दोन-तीन दिवस ते वाक्य दाढेत अडकलेल्या मेथीच्या काडीसारखं जिभेला लागत राहिलं. 'उठत नाही' याचं वाईट वाटलं नव्हतं. खटकलं ते त्याच्या पुढचं. यंत्राला माझा अंगठा वाचता आला नाही, इथवर ठीक. पण तिथून एका उडीत 'काका नाहीत'पर्यंत जायचं? ती उडी मारायची नाही, मारण्याआधी शंभरदा तपासायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी सदतीस वर्षं पगार घेतला.

दुसरं फारसं काही केलं नाही, असंही म्हणता येईल.

१९८१ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. कराडला आईनं आळीत सांगून टाकलं होतं, "आमचा सोन्याच्या खाणीत लागलाय," आणि त्यानंतरचे सहा महिने सांगून येणाऱ्या स्थळांचा दर्जा एकदम सुधारला होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं तिथे जाऊन सोनं सोडून भलतंच काहीतरी शोधतात हे कळलं, तेव्हा ती आधी खट्टू झाली आणि मग काळजीत पडली. आम्ही शोधत होतो प्रोटॉनचं मरण. सिद्धांतवाल्यांनी हिशेब मांडला होता की प्रोटॉन अमर नाही, त्याचं सरासरी आयुष्य एकावर तीस-एकतीस शून्यं इतक्या वर्षांचं असावं. विश्वाचं सगळं वय त्यापुढे किस झाड की पत्ती. एका प्रोटॉनजवळ इतका वेळ बसणं कुणाला जमणार? म्हणून प्रोटॉनच ढीगभर घ्यायचे: १४० टनांचं धूड, लोखंडाच्या पत्र्यांचे थर, मधेमधे वायू भरलेल्या चौकोनी नळ्या ओळीनं रचलेल्या. आणि वाट पाहायची.

हे सगळं जमिनीखाली २.३ किलोमीटरवर. पिंजरा सुटला की पोटात खड्डा पडायचा, कानात दडे बसायचे, आणि दर टप्प्याला हवा अंगाला जास्त चिकटायची. वास ओल्या लोखंडाचा आणि सुरुंगाच्या दारूचा. भिंतीला हात टेकला की चुलीमागच्या भिंतीची आठवण व्हावी असा तो दगड कोमट-गरम. मधूनच लांब कुठेतरी गुरगुर व्हायची. खाणीतली माणसं क्षणभर थांबायची, एकमेकांकडे बघायची, एखादा "रॉकबर्स्ट" असं, म्हणजे दाबानं खडक फुटल्याचं, पुटपुटायचा आणि सगळे पुन्हा कामाला लागायचे. माझं मात्र पुढच्या पाच मिनिटांतलं एकही रीडिंग धड यायचं नाही. इतकं खोल जायचं कारण म्हणजे म्युऑन, वातावरणात तयार होऊन सतत खाली बरसणारे कण. वर जमिनीवर नुसता तळहात पुढे धरला तरी सेकंदाला एखाददुसरा म्युऑन आरपार जातो. त्या गोंगाटात प्रोटॉनची कुजबुज ऐकू येणं शक्य नाही. खाली, डोक्यावर दोन किलोमीटरहून जास्त खडक असताना, सबंध डिटेक्टरमधून दिवसाला एखाददुसरा.

तिथे मुरलेल्या मंडळींकडून ऐकलेली एक हकिगत मला फार आवडायची. भाभांनी आमच्याच संस्थेतल्या श्रीकंतन यांना १९५१ मध्ये या खाणीत पाठवलं ते म्युऑन मोजायला. खाली खाली जावं तसे ते विरळ होत जातात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला उपकरण अगदी खोल नेऊन लावलं, आणि दोन महिने एकही म्युऑन आला नाही. दोन महिने! मी असतो तर दुसऱ्याच आठवड्यात वायर तुटली म्हणून हलकल्लोळ केला असता. त्या लोकांनी त्या शून्याकडे नीट पाहिलं. इथे म्युऑन पोचतच नसतील तर इथे जे काही दिसेल ते न्यूट्रिनोनंच, म्हणजे अख्ख्या पृथ्वीतूनही सहज आरपार जाणाऱ्या कणानंच, केलेलं असणार, असा त्यांनी अर्थ लावला. मग मेनन, श्रीकंतन, नरसिंहम आणि मंडळी, सोबत ओसाका आणि डरहॅमचे लोक, अशांनी तिथेच न्यूट्रिनोसाठी डिटेक्टर उभे केले आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोची खूण पकडली. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत अमेरिकेच्या राइनेस यांचा गट त्याच मागावर होता. कोलारचा निबंध छापून आला १५ ऑगस्टला, त्यांचा दोन आठवड्यांनी. ही तारीख सांगताना आमच्याकडचा रुक्षातला रुक्ष माणूसही थोडा ताठ बसायचा.

आमच्या वाट्याला तसं काही आलं नाही. म्हणजे आलं, आणि गेलं. डिटेक्टरच्या आतच सुरू होऊन आतच संपणाऱ्या काही खुणा मिळाल्या होत्या, प्रोटॉन मेला असेल तर दिसाव्यात तशा. त्या छापल्या गेल्या, जगभर चर्चा झाली. मग अमेरिकेत मिठाच्या खाणीत आणि जपानमध्ये कामिओकाला पाण्याच्या कितीतरी मोठ्या टाक्या भरून लोक बसले, आणि त्यांना काही दिसेना. एकावर एकतीस शून्यांपर्यंत दिसलं नाही, मग बत्तीस. आज एकावर चौतीस शून्यांच्याही पुढे गेलो आहोत आणि प्रोटॉन ठणठणीत आहे. कामिओकाच्या टाकीला मात्र फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो सापडले. शोधायला गेले होते एक, मिळालं दुसरंच, आणि कोशिबांना २००२ साली नोबेल. मत्सर वाटला का? वाटला ना. न वाटायला काय झालं.

दिवाळीला घरी गेलो की आई फराळाचं ताट पुढे ठेवून विचारायची, "सापडलं का रे?"

"नाही."

"मग पगार देतात का?"

तिला कसं समजवायचं हे मला कधीच जमलं नाही. न सापडण्याचंही एक माप असतं, आणि ते काढायला सापडण्याइतकीच मेहनत पडते. आपल्या उपकरणाला एखादी गोष्ट दर खेपेला सरासरी दोन ठिपक्यांनी दिसायला हवी असेल, तर शंभरातल्या तेरा-चौदा खेपांना एकही ठिपका येत नाही. गोष्ट असते, समोरून जाते, आणि आपण कोरे. सरासरी दहा ठिपक्यांची असेल तर असं चुकणं वीस-बावीस हजारांत एकदा. म्हणून 'दिसलं नाही' असं लिहायच्या आधी 'दिसायला हवं होतं का, किती वेळा, आणि आपले डोळे उघडे होते का' याचा हिशेब द्यावा लागतो. मग कुठे "९५ टक्के खात्रीनं, याहून जास्त नाही" असं एक वाक्य लिहिता येतं. माझ्या कारकिर्दीतली बहुतेक वाक्यं याच साच्यातली आहेत. कृष्णद्रव्याचे कण: याहून जास्त नाहीत. सुपरसिमेट्री या सिद्धांतातले जोडीदार कण: इथवर नाहीत. लोकांच्या नोकऱ्यांत टार्गेट असतं. आमच्यात टार्गेट न भेटल्याचं प्रमाणपत्र.

कोलारची आमची प्रयोगशाळा नव्वदच्या दशकात बंद झाली, २००१ मध्ये खाणच बंद झाली. मी तोवर जिनिव्हाच्या वाटेला लागलो होतो.

तिथल्या एलएचसीवर, म्हणजे प्रोटॉनच्या टकरी घडवणाऱ्या जमिनीखालच्या यंत्रावर, सीएमएस नावाचा जो अवाढव्य डिटेक्टर उभा राहणार होता, त्यातला एक भाग कुलाब्याला करायचा होता. त्याला सगळे 'एचओ' म्हणत. काम काय, तर निसटलेलं पकडायचं. टकरीतून निघालेल्या कणांची ऊर्जा मोजणारे थर चुंबकाच्या वेटोळ्याच्या आत. पण आत जागा अपुरी, त्यामुळे काही कणांचा फवारा ते थर भेदून बाहेर सांडतो. सांडलेलं मोजलं नाही तर हिशेबात तूट येते. आणि तूट आली की एखादा अदृश्य कण ऊर्जा घेऊन पळाला असा भास होतो, लोक पुरस्काराची स्वप्नं बघायला लागतात. तर चुंबकाच्या बाहेर प्लास्टिक सिंटिलेटरचे, म्हणजे कण गेला की लुकलुकणाऱ्या प्लास्टिकचे, आणखी थर लावायचे, म्हणजे खरंच हरवलेलं कुठलं आणि आपल्याला न दिसलेलं कुठलं हे वेगळं काढता यावं. ऐकायला हलकंसं काम. मला ते मोठ्या शोधांपेक्षा जवळचं वाटतं, अजूनही.

४३२ ट्रे. प्रत्येकात सेंटीमीटरभर जाडीच्या टाइल्स. हातात घेतली तर काचेसारखी पारदर्शक, आणि कडेनं पाहिलं तर निळसर उजेड साचलेला, जणू पाण्यात नीळ विरघळतेय. टाइलवर खोबणी कापायची, तोंडाशी अरुंद आणि आत गोल, कुलपाच्या भोकासारखी. तिच्यात मिलिमीटरपेक्षा थोडं बारीक फायबर हलक्या हातानं सरकवायचं. म्युऑन गेला की प्लास्टिक निळं लुकलुकतं, फायबर तो निळा प्रकाश पिऊन हिरवा करतं आणि टोकाला पोचवतं. एका म्युऑनमागे दहाएक फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणांची, नोंद होते, त्यावर आमचा संसार. टाइलवर पांढरा टायव्हेक कागद, त्यावर काळं आवरण, त्यावर काळी चिकटपट्टी. प्रकाश शिरायला सुईएवढीही जागा नको. खिडकीबाहेर कुलाब्याचा समुद्र लखलखत असायचा आणि आम्ही आत अंधार बांधत बसलेलो.

त्यात आमचे मामा. वर्कशॉपमधले; तिशीतल्या पोरांपासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. फायबर खोबणीत बसलं की नाही हे ते न बघता, नखानं हलकी टिचकी मारून सांगत. सिंटिलेटरला उघड्या हातानं शिवणं म्हणजे त्यांच्या राज्यात फौजदारी गुन्हा. हाताच्या तेलकटपणानं पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात, आणि प्रकाश तिथेच मरतो. एका शनिवारी सगळ्यांना घाई होती. मी हातमोजे काढले होते, चहा प्यायलो होतो, आणि कागद सरकलेला दिसला म्हणून नुसता दाबायला गेलो. अंगठ्याला इपॉक्सीचा गोंद लागलेला माझ्या लक्षात नव्हता.

"साहेब, हात!"

टाइल वाचली होती. टायव्हेकच्या बाहेरच्या बाजूला मात्र ठसा. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, हे आजही आठवतं. मामांनी खिशातून भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं, आणि मी शिव्यांची तयारी केली असताना म्हणाले, "काय सुरेख उठलाय हो. तलाठ्याकडे सुद्धा असा उठत नाही." तो ट्रे आम्ही म्युऑनवर नेहमीपेक्षा जास्त वेळ तपासला. त्या टाइलचा आकडा शेजारणींसारखाच आला. काळं आवरण चढलं, पेटीत बसला, रवाना झाला. ट्रेचा नंबर मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणी वाचत असेल.

पुढे सेसीला शिफ्टवर असताना, रात्री तीनला मशीनची पाणचट कॉफी घेऊन स्क्रीनसमोर बसलं, की त्या नंबरच्या चौकोनाकडे नजर जायचीच. फ्रान्समधलं साधंसं खेडं ते, वर गाईंची कुरणं आणि गळ्यातल्या घंटांचा आवाज, खाली १०० मीटरवर १४ हजार टनांचं यंत्र. चौकोन हिरवा असायचा. २०१३-१४ मध्ये एलएचसी दुरुस्तीसाठी थांबला तेव्हा ट्रेमधला प्रकाश वाचणारी आधीची उपकरणं काढून सिलिकॉनची नवी बसवली. ट्रे मात्र जिथल्या तिथे.

४ जुलै २०१२ ला हिग्ज कण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा मी मुंबईत, खच्चून भरलेल्या सभागृहात मागे उभा होतो. टाळ्या वाजवताना शेजारच्या तरुण मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला, खरं सांगायचं तर, भूक लागली होती. संध्याकाळी नातेवाइकांचे फोन: "तूच पकडलास ना तो देवकण?" हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही खोटं. २०१५ मध्ये आमचा सीएमएस आणि शेजारचा अ‍ॅटलस या दोन्ही प्रयोगांनी मिळून हिग्जचं वस्तुमान छापलं, त्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांत विज्ञान ९ पानं, उरलेली नावांची आणि संस्थांची. हिनं चष्म्यावर चष्मा लावून माझं नाव शोधलं आणि म्हणाली, "मतदारयादी बरी, तीत फोटो तरी असतो." तिला मामांचंही नाव हवं होतं. मी म्हटलं, त्यात नसतं. तिनं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

या याद्यांत काही नावांपुढे बारीकसा खंजीर असतो. तळटीप: दिवंगत. नवा निबंध आला की मी आकृत्यांआधी खंजीर बघतो. कुणी नवीन नाही ना. म्हटलं तर हाही हयातीचाच दाखला, फक्त तो आपण द्यायला जावं लागत नाही.

तमिळनाडूत थेनीजवळच्या डोंगरात न्यूट्रिनोसाठी वेधशाळा व्हायची होती, ५० हजार टन चुंबकीय लोखंडाची. २०१५ च्या जानेवारीत केंद्रानं मंजुरी दिली, पण स्थानिक विरोध, पर्यावरण, कोर्ट. डोंगर आहे तसाच आहे. मदुराईजवळ तिचं ८५ टनांचं छोटं रूप आहे. माझे दोन विद्यार्थी त्या आशेवर परदेशातून परत आले होते. गावकऱ्यांचं भय सगळं खोटं होतं असं मला वाटत नाही, आणि पोरांची वर्षं वाया गेली हेही पचत नाही. त्यावर यापेक्षा जास्त लिहवत नाही.

त्याच सुमारास आईचं विसरणं वाढलं. कराडला गेलो की ती माझ्याकडे बघून पदर सावरायची, पाहुण्यांसमोर सावरावा तसा. चहा घ्या म्हणायची. मी विचारायचो, "मुलगा कुठे असतो तुमचा?" तर लगेच, "मुंबईला. फार हुशार. सोन्याच्या खाणीत होता." मग आवाज खाली आणून, "त्याला काहीतरी सापडायचंय अजून." मी तिचा हात हातात घ्यायचो, तिच्या बोटांना तेव्हाही कांद्या-लसणाचा वास होता, स्वयंपाकघरात जाणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती तरी. तीनचारदा मी माझं नाव सांगून पाहिलं. मग सांगणं सोडलं, आणि तिच्या मुलाबद्दल ती सांगेल ते ऐकत बसायला लागलो. चांगला होता तो मुलगा, माझ्यापेक्षा जरा बराच.

मंगळवारी बँकेत गेलो तर ते सर जेवायला गेलेले. बाकावर बसलो. करायला काही नव्हतं म्हणून पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर रेघा ओढू लागलो: कोण आलं, कुणाचा उठला, कुणाचा नाही. चार उभ्या, पाचवी आडवी. सवय जात नाही. एक निवृत्त गवंडी आले, दहाही बोटं गुळगुळीत, ते मुलीला म्हणाले, "पोरी, अख्खी चाळ बांधली या बोटांनी, सिमेंटनं खाल्ली." एक आजी आल्या, त्यांचा तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्यांनी त्या यंत्राला हात जोडले. तासाभरात तेवीस जण. सहा जणांचा नाही उठला. म्हणजे २६ टक्के, अधिक-उणे ९. इतक्या थोड्या नोंदींवर याहून नेमकं बोलता येत नाही.

सर आले. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून मुलगी म्हणाली, "काका, डोळे मिचकवा." मिचकावले. "हळू. पुन्हा." स्क्रीनवर माझ्या चेहऱ्याभोवती गोल आला, थरथरला, हिरवा झाला. खिशात फोन किणकिणला, दाखला जमा झाल्याचा मेसेज. मी स्लिप तिच्यापुढे सरकवली.

"हे काय?"

"तेवीसपैकी सहा जणांचा उठला नाही."

तिनं रेघांवरून नजर फिरवली, पुढच्या माणसाचं पासबुक घेतलं आणि म्हणाली, "आज कमीच आहेत, काका."